नागपूरच्या थंडीत घर उबदार ठेवायचं आणि लाईटचं बिल पण वाढू द्यायचं नाही: नवीन आलेल्यांसाठी

नागपूर म्हटलं की लोकांना फक्त मे महिन्याचं ऊन आठवतं, त्यामुळे नोकरीसाठी नाहीतर शिक्षणासाठी इथे नवीन आलेली माणसं थंडीची काही तयारी न करताच येतात आणि मग डिसेंबरमध्ये, अधिवेशनाच्या आसपास, पहाटे हुडहुडी भरली की धावतपळत हीटर आणतात. मी तर मूळची इथल्याच जुन्या महाल भागातली, तरी माझ्याकडूनही हेच झालं. जुन्या घरी जाड मातीच्या भिंती होत्या, वर माळा आणि त्यावर कवेलू म्हणजे कौलं, थंडी वाजली तर रजई ओढायची एवढंच माहीत होतं. मग आम्ही मनीषनगरकडे टॉप फ्लोअरचा टू बीएचके भाड्याने घेतला. घरात आठ महिन्यांचं बाळ, सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून २००० वॅटचा ब्लोअर घेतला आणि रात्री चार-पाच तास चालवला. नोव्हेंबरचं बिल १२८ युनिटचं होतं, पुढच्या महिन्याचं ३६४ युनिटचं आलं. आणि एवढं करूनही पहाटे पाचला खोली थंडगारच.

पुढच्या दोन हिवाळ्यांत एकेक गोष्ट करून पाहिली, काय उपयोगी पडलं आणि काय नाही ते क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नागपूरची थंडी ही रात्रीची थंडी आहे. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री झपाट्याने निघून जाते. पहाटे १०-१२ डिग्री आणि त्याच दिवशी दुपारी २७-२८, हे इथलं नेहमीचं गणित. २९ डिसेंबर २०१८ ला तर पारा ३.५ पर्यंत उतरला होता. म्हणजे इथे ऊब विकत आणायची फारशी गरजच नसते, ती रोज दुपारी दारात येऊन उभी राहते, आपण फक्त ती घरात घ्यायची आणि सकाळपर्यंत बाहेर जाऊ द्यायची नाही.

सामान काय लागेल

कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं सगळं: चिकटणारी फोमची टेप (दोन-तीन रोल), दाराच्या खाली लावायची ब्रशवाली किंवा रबरी पट्टी, एक इंच जाडीची थर्माकोलची शीट, मोठं जाड प्लास्टिक नाहीतर जुनी ताडपत्री, कटर, मोजपट्टी, रुंद टेप. घरातून उदबत्ती आणि जुन्या सतरंज्या. एक साधं डिजिटल थर्मामीटर भिंतीवर लावायला जरूर घ्या, नाहीतर आपण केलेल्याचा फरक पडला की नाही ते नुसत्या अंदाजावर राहतं. आणि घर भाड्याचं असेल तर भोकं पाडण्याआधी, सिलिकॉन भरण्याआधी घरमालकांना विचारून घ्या, फोम टेप आणि थर्माकोलला मात्र कोणी काही म्हणत नाही, ते निघून येतं.

१. आधी लाईटचं बिल नीट वाचा

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, तो बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे युनिट हा तुमचा पाया, कारण तेव्हा कुलरही बंद असतो आणि गिझरही जेमतेम. हिवाळ्यात त्याच्या वर जेवढे युनिट चढतात ते थंडीचे.

घरगुती बिलात टप्पे असतात: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. बऱ्याच लोकांना वाटतं की १०१ वा युनिट पडला की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो, तसं नाही, वरच्या युनिटलाच वरचा दर लागतो. पण हीटरचे युनिट हे नेहमी वरच येऊन बसतात न, म्हणजे हीटरचा प्रत्येक तास आपण महागड्या दराने विकत घेतो. माझे ३६४ झाले तेव्हा शेवटचे ६४ तिसऱ्या टप्प्यात होते.

अजून एक करा. रात्री झोपताना मीटरचा फोटो काढा आणि सकाळी उठल्यावर परत काढा. चार दिवस केलं की रात्रीत किती जातं ते कळतं, बिलाची वाट पाहावी लागत नाही.

२. पहाटे उदबत्ती लावून फटी शोधा

सकाळी साडेपाच-सहाला, सगळ्यात जास्त गारठा असतो तेव्हा, सगळे पंखे बंद करा आणि पेटवलेली उदबत्ती हातात घेऊन खिडक्या-दारांच्या कडेकडेने हळूहळू फिरा. पडदे बाजूला धरा, ठिणगी पडायला नको. जिथे धूर सरळ वर जातो तिथे सगळं ठीक आहे. जिथे तो थरथरतो किंवा एकदम आत वाकतो तिथून गार हवा येते आहे. त्या जागेवर पेन्सिलने खूण करा.

आमच्याकडे मला वाटलं होतं की बाल्कनीचं दार खराब असेल. तिथे धूर थोडासाच हलला. बेडरूमच्या खिडकीत लावलेल्या कुलरसमोर उदबत्ती धरली तर धुराची रेघ सरळ आडवी झाली, माझ्या तोंडावर. तेव्हा कळलं की आम्ही रात्रभर ब्लोअर चालवत होतो आणि चार फुटांवर दोन-अडीच फुटांचं भोक उघडं होतं.

३. कुलरचं भोक बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं

दुसरं काहीच जमलं नाही तरी हे करा. नागपुरात घरोघरी खिडकीत नाहीतर भिंतीत कुलर बसवलेला असतो आणि तो बारा महिने तिथेच राहतो, कारण काढायला जड, ठेवायला जागा नाही. उन्हाळ्यात जो बाहेरची हवा आत ओढतो तोच हिवाळ्यात बंद असला तरी बाहेरची हवा आत सोडतो. समोरच्या पट्ट्या बंद केल्या तरी त्यात फटी राहतातच.

पद्धत अशी. प्लग काढून ठेवा. खालच्या टाकीतलं पाणी बुच काढून पूर्ण जाऊ द्या आणि टाकी फडक्याने पुसून कोरडी करा, साचलेलं पाणी राहिलं तर त्यात डेंग्यूचे मच्छर होतात, आणि गंजही लागतो. पंप काढून, धुऊन पिशवीत भरून ठेवा. कुलरचं गवत जुनं झालं असेल तर आत्ताच फेकून द्या, मार्चमध्ये नवीन भरावंच लागतं, ते तसंच राहिलं तर ओलसर कुबट वास घरात येत राहतो. मग बाहेरून अख्ख्या कुलरला ताडपत्री गुंडाळून दोरीने घट्ट बांधा.

पण नुसत्या ताडपत्रीवर थांबू नका, आमची पहिल्याच आठवड्यात वाऱ्याने फडफडून सैल झाली. खरं काम आतल्या बाजूला आहे. कुलरच्या तोंडाचं माप घ्या, त्याहून सगळीकडून एक-दीड इंच मोठा थर्माकोलचा तुकडा कापा, आणि चारी बाजूंनी रुंद टेप लावून चिकटवा. कुलर आणि खिडकीच्या चौकटीच्या मधे जी फट राहते, जिथे बहुतेक जणांनी पुठ्ठा नाहीतर कापड कोंबलेलं असतं, ती पण फोमने भरा. दिसायला बरं नाही वाटलं तर वरून पडदा सोडा. आमच्या खोलीत सकाळी सहाला थर्मामीटरवर आधी १५-१६ दिसायचे, हे केल्यावर तशाच थंडीत १८ च्या खाली कधी गेलं नाही, आणि ब्लोअर बंद असताना. खर्च दोनशे रुपयांच्या आत.

४. बाकीच्या फटी

स्लायडिंग खिडकीत दोन काचा जिथे एकमेकांवर येतात ती उभी फट आणि खालचा रूळ, या दोन जागी फोम टेप लावा. टेप लावण्याआधी धूळ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर आठ दिवसांत निघते. मुख्य दाराखाली ब्रशची पट्टी, नाहीतर जुनी चादर गुंडाळून ठेवली तरी चालते. बेडरूमच्या वर झरोका असेल तर त्याला जाड प्लास्टिक.

स्वयंपाकघराचा झरोका, एक्झॉस्टची जागा आणि जिथे गॅस गिझर आहे ती हवा यायची-जायची वाट कधीही बुजवू नका. आणि एकाच छोट्या खोलीत चार-पाच जण झोपत असाल तर आतलं दार थोडं उघडं ठेवा, हवा खेळती राहायला पाहिजे.

५. दुपार घरात घ्या

हे बाहेरून आलेल्या लोकांना पटत नाही. थंडीत खिडक्या काहून उघडायच्या? पण तुम्हीच पाहा, डिसेंबरच्या दुपारी बाहेरून घरात पाऊल टाकलं की आत गार लागतं, म्हणूनच इथे बायाबापड्या जेवणं आटोपली की अंगणात नाहीतर गच्चीवर उन्हात बसतात. बाहेर २८ असतं आणि आतल्या भिंती रात्रीच्या थंडीने २०-२१ वर अडकलेल्या असतात. म्हणजे त्या वेळी बाहेरची हवा हाच फुकटचा हीटर.

म्हणून साधारण ११ ते ४ सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पडदे पूर्ण बाजूला. दक्षिणेकडच्या खिडकीचा सगळ्यात जास्त फायदा, कारण डिसेंबरमध्ये भर दुपारी पण नागपुरात सूर्य अर्ध्या आभाळाइतकाच, ४५ अंशांवर असतो, ऊन तिरपं येऊन पार पलंगापर्यंत पोचतं. त्या उन्हाच्या पट्ट्यातून सामान, सतरंजी, चटई हलवा, फरशी आणि भिंत उघडी राहू द्या, विटा आणि काँक्रीट ती ऊब पिऊन ठेवतात आणि रात्री सोडतात. गाद्या-रजया त्याच वेळी गच्चीवर उन्हात.

साडेचार वाजले की सगळं बंद. इथेच लोक चुकतात, ऑफिसवरून सात वाजता येऊन खिडक्या लावतात, तोपर्यंत दीड तास झालेला असतो सूर्य बुडून आणि दिवसभराचं कमावलेलं गेलेलं असतं. तुम्ही दिवसभर घरी नसाल तर खिडक्या बंदच राहू द्या पण काचेवरचे पडदे उघडे ठेवून जा, काचेतून ऊन तर येईल. रात्री जाड पडदा खालपर्यंत, फरशीला टेकेल असा.

टॉप फ्लोअरवाल्यांनी गच्चीवर एक चक्कर मारा. उन्हाळ्यासाठी बांधलेली हिरवी जाळी अजून तशीच असेल तर ती सोडून घ्या, हिवाळ्यात तेच ऊन आपल्याला स्लॅबवर पाहिजे. गच्चीची चावी सोसायटीकडे असते, आधी विचारा.

६. फरशी आणि अंथरूण

टाईल्स आणि कोटा फरशी पायातून थंडी चढवते. जिथे बसता-उठता तिथे रात्री सतरंजी टाका, खाली जुन्या पेपरचे चार-पाच थर दिले तर एकदम फरक जाणवतो.

अंथरुणात सगळे वरून घालायचा विचार करतात. खालून थंडी येते हे लक्षात येत नाही, विशेषतः पातळ गादी, दिवाण किंवा लोखंडी पलंग असेल तर. एक जाड गोधडी अंगाखाली आणि एक वर, हे दोन ब्लँकेट वर घेण्यापेक्षा जास्त गरम पडतं. जुनी कापसाची रजई असेल तर फेकू नका, कापूस पुन्हा पिंजून घ्या, दबलेल्या कापसात हवा राहत नाही आणि ऊब हवेमुळेच टिकते. नवीन स्वेटर-शाली पाहिजे असतील तर दर हिवाळ्यात तिबेटी लोकांची दुकानं लागतात, तिथे घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी लोकरीचे मोजे आणि कानटोपी नक्की घ्या.

७. आंघोळीचं पाणी: खरा खर्च इथे आहे

हीटर नसलेल्या घरातही बिल वाढतं ते यामुळे. २० लिटरची बादली १५ डिग्रीपासून ४० पर्यंत तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त लागतं. चार माणसं, रोज चार बादल्या, महिन्याला ७० युनिट.

तुमच्याकडे बोअर असेल तर ही गोष्ट ऐका. जमिनीखालचं पाणी हिवाळ्यातही २५ च्या आसपास असतं, सकाळी ताजं पाणी काढलं की कोमट लागतं, वाफ निघताना दिसते. तेच पाणी रात्री टाकीत चढवून ठेवलं की पहाटेपर्यंत बर्फासारखं. म्हणून मोटर रात्री न लावता सकाळी आंघोळीच्या आधी लावा, सोसायटीत राहत असाल तर चौकीदार दादांशी बोलून वेळ बदलून घ्या. आमच्याकडे एवढ्यानेच महिन्याला पंचवीस-तीस युनिट कमी झाले. बोअर नसेल आणि नळाचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत असेल तर उलटं, ते दुपारी तीन-चारला चांगलं तापलेलं असतं, लहान बाळाची आणि म्हाताऱ्यांची आंघोळ तेव्हा घाला.

गिझर १५ लिटरचा, २००० वॅटचा असेल तर १८-२० मिनिटं पुरतात. आंघोळीच्या आधी लावा, बंद करा, मग आत जा. दिवसभर चालू ठेवला की टाकीतली ऊब जात राहते आणि तो परत परत तापवत राहतो. थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा. बोअरचं पाणी जड असेल तर कॉईलवर पांढरा थर बसतो आणि तेवढंच पाणी तापायला वेळ जास्त लागतो, दिवाळीनंतर एकदा मेकॅनिककडून साफ करून घ्या.

८. हीटर घ्यायचाच असेल तर

१००० वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट. रॉडचा असो, ब्लोअर असो, तेलाचा असो, त्या एका युनिटमधून ऊब सारखीच मिळते. मला दुकानात छातीठोकपणे सांगितलं होतं की कार्बनच्या हीटरने बिल अर्ध्यावर येतं, तेवढ्याच ऊबेसाठी ते शक्यच नाही. तसंच तेलाचा हीटर ऑक्सिजन खात नाही असं सांगून महाग विकतात, पण विजेवरचा कुठलाच हीटर ऑक्सिजन जाळत नाही. घसा कोरडा पडतो तो गरम झालेली हवा कोरडी लागते म्हणून.

मग निवडायचं कसं? एकट्या माणसाला सकाळी अर्धा तास ऊब पाहिजे तर ४००-८०० वॅटचा दोन रॉडचा छोटा पुरे, समोर बसायचं. लहान मूल असेल तर तेलाचा, कारण त्यात लाल रॉड उघडा नसतो, फक्त तो पण अंगाला भरपूर तापतो, पलंगापासून दूर ठेवा आणि खोलीच्या फटी आधी बंद करा. नवीन एसी घेणार असाल तर हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर बघा, तो बाहेरची ऊब आत आणतो म्हणून एका युनिटमध्ये साधारण तिप्पट ऊब देतो.

पण म्हाताऱ्या माणसांसाठी मी मनापासून सांगते, इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्या. साधारण १०० वॅटचं असतं. झोपायच्या आधी अर्धा तास अंथरूण तापवायचं आणि बंद करायचं, एका युनिटमध्ये वीस रात्री निघतात. सासूबाई आमच्याकडे आता हीटर मागत नाहीत. घडी घालून, दुमडून वापरू नका, ओलं होऊ देऊ नका, तान्ह्या बाळाखाली अजिबात नाही.

प्लगचं सांगायचं राहिलं. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, आणि साधं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. मी ब्लोअर साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावला होता, रात्री एकला जळकट वास आला, पाहिलं तर बोर्डाचं प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलेलं, बाळाचा पाळणा हाताच्या अंतरावर. हीटर आणि गिझर फक्त १६ अँपिअरच्या पॉवर प्लगलाच, भिंतीतल्या, एक्स्टेंशन नाही. जुनं घर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट आपोआप बंद करणारा स्विच, बसवून घ्या.

९. जिवाशी खेळ होतो अशा गोष्टी

कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे चालतात असं समजू नका. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे अख्खं कुटुंब जातं असं.

गॅसचा गिझर बंद बाथरूमच्या आत नको, बाहेर मोकळ्या हवेत बसवा. आत असेल आणि आज बदलता येत नसेल तर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग आंघोळ.

पाण्यात टाकायचा रॉड असेल तर प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही, लोखंडी बादली नाही, मुलं जवळ नकोत.

गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून द्या. शुगर असलेल्या माणसांच्या पायाला चटका कळत नाही, फोड आलेला सकाळी दिसतो.

१०. स्वतःचं छत असेल तर

छतावर सोलर वॉटर हीटर, १०० लिटरचा, तीन-चार माणसांना पुरतो आणि इथे हिवाळ्यात ऊन भरपूर. वीज बनवणारं सोलर पाहिजे असेल तर २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत केंद्राची सबसिडी १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये आहे. लागणारे कागद: ताजं लाईट बिल, आधार, बँकेचं पासबुक, घराच्या टॅक्सची पावती, चालू असलेला मोबाईल नंबर. बिल अजून आजोबांच्या नाहीतर जुन्या मालकाच्या नावावर असेल तर तिथेच सगळं अडकतं, म्हणून आधी बिलावरचं नाव बदलून घ्या, मग अर्ज करा.

११. फेब्रुवारीत परत काढायचं

संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थंडी ओसरते. थर्माकोल टेपसकट अलगद काढा आणि मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, कुठल्या खोलीच्या कुलरचा आणि वरची बाजू कोणती, म्हणजे पुढच्या नोव्हेंबरला मापं घ्यायला नको. झरोक्याचं प्लास्टिक काढा, रात्री हवा यायला लागते. फोम टेप मात्र खिडक्यांना राहू द्या, मे महिन्यात गरम वाफा आणि धूळ त्याच फटींतून येते. ताडपत्री सोडली की कुलरची टाकी एकदा टॉर्च लावून बघा, गंज दिसला तर मार्चच्या आधीच डांबर नाहीतर पेंट मारून घ्या, नंतर कुलरवाले आठ-आठ दिवस येत नाहीत.